पाण्याचा कोन

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. तिथे कोनमापक असायचा, शाळेतल्या कंपासपेटीत असतो तसा अर्धगोल, वापरून वापरून पिवळा पडलेला. जर्नलवर सही करायची वेळ आली की ते आमचंच पेन मागायचे, सही करायचे आणि परत देताना आपण ते खिशाला किती वाकडं लावतो ते ऐकवायचे. "बारा अंश डावीकडे," असं काहीतरी. मोजून सांगायचे, अंदाजानं नाही.

सर म्हणायची आपली आमची सवय, एरवी कॉलेजच्या कागदोपत्री ते सर नव्हतेच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. लेक्चर द्यायला प्राध्यापक असत, कोटबिट घालून. सर खाकी ॲप्रन घालून ॲसिडच्या बाटल्या भरून घ्यायचे, फुटलेली ब्युरेट, म्हणजे मापाची काचेची नळी, कोणाच्या नावावर लावायची ते ठरवायचे आणि आम्हां मुलींचे पदर बर्नरपासून लांब आहेत ना ते बघायचे. अठरा वर्षं त्याच जागेवर. लेक्चरर व्हायची त्यांना हौस नव्हती असं मी म्हणणार नाही. पण दर मुलाखतीत ते समोर बसलेल्या कोणाची तरी चूक काढून यायचे आणि घरी आल्यावर बहिणीला सांगायचे, "छान झाली."

मुलांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. रजिस्टरात पत्ता असायचा, तेच नाव. मी लालबाग. माझी मैत्रीण माहीम. मागच्या टेबलावर दोन मुलगे होते, एक चिंचपोकळी आणि एक ठाकुरद्वार. "ए लालबाग, फ्लास्क हलव, झोपा काय काढतेस?" पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं. नंतर इतकी सवय झाली की घरी आईनं माझ्या नावानं हाक मारली तर माझं लक्षच जायचं नाही, आणि त्यावरून मी दोनदा बोलणी खाल्ली.

सरांचं सगळं वेड एका गोष्टीपाशी होतं. कुठल्याही पदार्थाचा बारीकात बारीक कण म्हणजे रेणू, आणि तो दिसायला कसा असतो? आपण फळ्यावर एच टू ओ लिहितो आणि मोकळे होतो. सरांना ते सपाट लिखाण बघवायचं नाही. "अगं, ते काय रेशनच्या रांगेत उभे आहेत का? त्यांना पाठ आहे, पोट आहे, कोपरं आहेत. ते वाकतात," ते म्हणायचे. हे दाखवायला ते घरून पिशवीतून बटाटे आणायचे. मोठा बटाटा म्हणजे कार्बन, चार बारके म्हणजे हायड्रोजन, आणि मध्ये खराट्याच्या काड्या. काड्याकाड्यांमधला कोन मोजून मोजून एकशेनऊवर आणायचे. मिथेन तयार. संध्याकाळी काड्या उपसून बटाटे परत घरी, कारण त्यांच्या बहिणीला, आक्कांना, काहीही फुकट घालवलेलं चालत नसे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा आक्का मला म्हणाल्या, "थांब, जेवूनच जा. आज मिथेनची भाजी केलीय." ताटात वाढल्यावर बघितलं तर फोडीफोडीला भोक होतं.

गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, हे दोघं बहीणभाऊ राहायचे. आक्का लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. सरांनी लग्न केलं नव्हतं. का, म्हणून मी एकदा आगाऊपणा करून आक्कांना विचारलं. "दोन ठिकाणी मुलगी बघायला नेला," त्या म्हणाल्या, "दोन्हीकडून परत आल्यावर एकच तक्रार. म्हणे मुलीचा बाप फार खेटून बसला होता."

मिथेनचा कोन एकशेनऊ हे सरांना पहिल्यापासून ठाऊक होतं, पण एकशेनऊच का, ते बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. मग फोर्टातल्या एका ग्रंथालयात बोटीनं आलेलं विलायतेचं एक त्रैमासिक त्यांच्या हाताला लागलं. अंक घरी नेऊ देत नसत. सरांनी पाच शनिवार तिथे बसून अख्खा लेख वहीत उतरवून काढला, आकृत्यांसकट. पाचव्या शनिवारी घरी येऊन त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आक्का, सगळं भांडणामुळे आहे." आक्कांना वाटलं, ग्रंथालयात मारामारी झाली. त्या हळदच घेऊन आल्या.

भांडण होतं इलेक्ट्रॉनांचं. अणूभोवती त्यांच्या जोड्या असतात, आणि एका जोडीला दुसऱ्या जोडीचं तोंड बघायला नको असतं. पण सगळ्या बांधलेल्या एकाच अणूला, तेव्हा सोडून जाता येत नाही. मग त्या एकमेकींपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसतात आणि त्या बसण्यातून रेणूला आकार येतो. म्हणून सरांचं पालुपद होतं, "आधी जोड्या मोज." कोणी काहीही विचारलं तरी आधी हेच. दुसऱ्यांच्या घरी गेले तर दाराबाहेरच्या चपला मोजून मगच आत जायचे, आणि आत गेल्यावर जिथून सगळे सारख्या अंतरावर पडतील अशी जागा शोधत उभे राहायचे. यजमान बिचारा "बसा, बसा" म्हणून थकायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आमच्या लालबागेत तर घराघरांतून माणसं मोर्च्याला जात. सरही जात, पण गर्दीत शिरायला नको म्हणून कडेकडेनं. एकदा सभेवर लाठ्या चालल्या. सगळे एका बाजूला पळाले. सरांनी बघितलं, दुसरी बाजू अगदी मोकळी आहे, मग हे सगळे एकमेकांच्या अंगावर का पडताहेत? ते शांतपणे मोकळ्या बाजूला गेले. ती मोकळी होती कारण तिथे पोलिसांची गाडी उभी होती. शिपायानं मागचं दार उघडलं आणि सर आत चढले. दोन रात्री कोठडीत काढल्या. तिथल्या बाकीच्या सत्याग्रहींना त्यांनी मिथेन शिकवला म्हणतात.

त्या दोन रात्रींचा फायदा मला झाला. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि चळवळीत पुढे असायचे. मुलीनं लालबागेहून उठून गिरगावात एका बिनलग्नाच्या माणसाच्या घरी शिकायला जाणं त्यांना पटणं शक्य नव्हतं. पण मास्तर महाराष्ट्रासाठी आत जाऊन आला हे कळल्यावर ते म्हणाले, "मगे जा. मास्तर आपलो असा." सर चुकून आत गेले होते हे मी बाबांना आयुष्यभर सांगितलं नाही.

भांडणाचा धडा आम्हांला मिळाला तो एका हरताळाच्या दिवशी. आम्ही चौघं जर्नलवर सह्या घ्यायला सकाळी सरांकडे गेलो होतो. जिना चढून वर पोचतोय न पोचतोय तोच खाली रस्त्यावर दगडफेक सुरू झाली, बस बंद झाल्या. आक्कांनी दाराला कडी घातली. "आता शांत होईपर्यंत कोणी हलायचं नाही." दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं, आणि आमचा चौघांचा त्या आठवड्यात अबोला. प्रयोगशाळेत एक ब्युरेट फुटली होती आणि ती दुसऱ्यानंच फोडली अशी प्रत्येकाची खात्री होती. मी माहीमशी बोलत नव्हते, माहीम चिंचपोकळीशी आणि ठाकुरद्वार कोणाशीच. चौघं चार बाजूंना भिंतीला पाठ लावून बसलो.

आमच्याकडे बघून सरांचा चेहरा असा फुलला की मला धास्तीच वाटली.

"एकमेकांचं तोंड नको, आणि बाहेरही जाता येत नाही," ते हात चोळत म्हणाले. "अशी संधी पुन्हा यायची नाही. आक्का, सुतळी कुठाय?"

त्यांनी सुतळीचे सारखे चार तुकडे केले, एकेक टोक एकत्र बांधलं, ती गाठ मुठीत धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि आम्हांला एकेक टोक दिलं. "आता एकमेकांपासून लांब व्हा. जास्तीत जास्त." आम्ही चार कोपऱ्यांना सरकलो. सरांनी दुसऱ्या हातानं कोनमापक लावला.

"नव्वद. अजून लांब."

"सर, भिंत आहे," चिंचपोकळी म्हणाला.

"भिंत बाजूला आहे. वर काय आहे?"

वर माळा होता. चिंचपोकळी शिडीवरून चढला. आक्कांनी खालून बजावलं, "पापडाच्या डब्याला पाय लावलास तर बघ." तो वर पालथा पडून सुतळीचं टोक धरून खाली डोकावत राहिला. मग सरांनी आम्हां तिघांना जमिनीवर बसवलं. "तुमच्यातला एक वर गेला. खाली जागा झाली की नाही? पसरा आता." आम्ही पसरलो, आणि खरंच, आम्हां तिघांतलं अंतर आधीपेक्षा वाढलं. वरचाही लांबच राहिला. सरांनी सगळ्या सुतळ्यांमधले कोन एकेक करून मोजले. "एकशेसात. एकशेअकरा. ठीक आहे, माणसं आहेत, एवढं चालायचं." जमिनीवर चार जण नव्वदच्या पुढे जाऊ शकत नाहीत, पण माळा वापरला की एकशेनऊपर्यंत जातात. पुस्तकात दहादा वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं.

एवढ्यात खाली कसलासा गलका झाला आणि ठाकुरद्वार सुतळी टाकून गॅलरीत पळाला. त्याच्या रिकाम्या जागेवर आक्का दुधीभोपळा आणि विळी घेऊन बसल्या. आक्का अंगानं भरलेल्या, शिवाय विळी, ताट, सालांची परडी. कोणाची सुतळी धरायची नसल्यामुळे त्या चांगल्या ऐसपैस बसल्या. मी आणि माहीम आपोआप अंग चोरून एकमेकींकडे सरकलो, अबोला असूनसुद्धा.

"हलू नका," सर म्हणाले आणि घाईघाईनं आमच्या दोघींमधला कोन मोजला. "बघा, मिटला. ही घरबशी जोडी. तुमच्या जोडीचं एक टोक दुसऱ्याच्या घरी गेलेलं, म्हणून तुम्ही ताणलेल्या, सडपातळ. हिला कुठे जायचं नाही. ही घरीच बसून जागा खाते, शेजारच्यांना आवरून बसावं लागतं. तीन हायड्रोजन आणि एक घरबशी, झाला अमोनिया. दोन हायड्रोजन आणि दोन घरबशा, झालं पाणी. एकशेनऊचा कोन दाबला जाऊन एकशेचारवर येतो."

"जागा कोण खातं?" आक्कांनी विळीवरून मान वर केली.

"रेणूमध्ये, आक्का."

"रेणूमध्ये असेल. इथे खोली माझ्या नावावर आहे."

दुपारी रस्ता निवळला तेव्हा आम्ही चौघं बोलत बोलत खाली उतरलो. ब्युरेट कोणी फोडली ते आजतागायत कळलेलं नाही.

आमच्या पुस्तकात मात्र हे सगळं उलटं होतं. पुस्तकाप्रमाणे पाण्याचा कोन मुळात नव्वदचा. दोन्ही हायड्रोजन एकमेकांना लोटतात, म्हणून तो उघडत उघडत एकशेचारवर येतो. सरांप्रमाणे तो मुळात एकशेनऊचा, आणि दाबला जाऊन एकशेचारवर येतो. पोचायचं एकाच ठिकाणी, पुस्तक खालून चढत येणार आणि सर वरून उतरत. कोणी म्हणेल, यात एवढं काय. मीही म्हटलं होतं. सर दुखावले. "दादरला भेटलेला माणूस परळहून आला की माहीमहून, हे तुला विचारावंसंच वाटत नाही?" ते फ्लोरीनचा दाखला द्यायचे. अमोनियातले हायड्रोजन काढून तिथे आडदांड फ्लोरीन बसवले तर लोटालोटी वाढून कोन उघडायला हवा. तो उलट मिटतो. "आता सांगा म्हणावं पुस्तकाला." पण प्रयोगशाळेत तो सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस असतो ना, त्याचा कोन ब्याण्णव. म्हणजे सरळ सरळ पुस्तकाच्या बाजूचा. सर रोज आम्हांला तो तयार करून द्यायचे आणि नाक धरून कबूल करायचे, "ह्याचं मला अजून जमलेलं नाही." जमलं नाही ते त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही.

आता माझी अडचण सांगते. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, आमच्याच चाळीत राहायचे. मी कॉलेजात जाते हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. "चेडवाक इतक्या शिकवन काय करतलंस?" हे ते दर रविवारी विचारायचे. त्यांनी एक स्थळही आणून ठेवलं होतं, गावचं, घरची आंब्याची कलमं असलेलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी बाबांनी वैतागून सांगून टाकलं, "पयलो वर्ग इलो तर फुडे शिकतली. नाय इलो तर तू सांगशीत तसा." बाबांनी शब्द दिला म्हणजे दिला. माझे लेखी पेपर बेताचे गेले. पहिला वर्ग मिळायचा तर प्रॅक्टिकलनंच वर ओढलं पाहिजे होतं, नाहीतर मी त्या कलमांखाली जाऊन बसणार होते.

प्रॅक्टिकल परीक्षेची एक रीत इथे सांगायला हवी. प्रत्येकाला एक पुडी मिळायची, त्यात कसलंसं मीठ, आणि ते ओळखायचं. मग तोंडी परीक्षा. डेमॉन्स्ट्रेटरनं बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या मागे उभं राहायचं, लागेल ती बाटली पुढे करायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. पण मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा परीक्षकाला दिसत नाही, मुलांना दिसतो. त्यामुळे काही डेमॉन्स्ट्रेटर आपल्या मुलांना खुणा करायचे. कानाची पाळी धरली की क्लोराइड, नाक चोळलं की नायट्रेट, मान खाजवली की बेरियम. मुलांना पुस्तकापेक्षा या खुणा चांगल्या पाठ असायच्या.

सर असल्या खुणांच्या भयंकर विरुद्ध. एका सहकाऱ्याची त्यांनी तक्रार केली होती आणि तो चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. पण मुलांना कोण समजावणार? आमच्या आदल्या वर्षी परीक्षेत उभे असताना सरांच्या मानेला डास चावला. त्यांनी खाजवलं. समोर नऊ जण होते, नऊ पुड्यांत नऊ वेगळी मिठं होती, आणि नऊही जणांनी बेरियम लिहिलं. एकाला मिळाला होता साधा नवसागर, त्यानंसुद्धा. तेव्हापासून सर परीक्षेला उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवायचे. माशी नाकावर बसली तरी फुंकर मारायचे.

आमच्या वर्षीचे परीक्षक म्हणजे ज्यांच्या पुस्तकावर आम्ही शिकलो ते साहेबच. आपल्या पुस्तकाबाहेरचं उत्तर आलं की ते गुण कापत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीठ मी बरोबर ओळखलं. मग त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या मागे सर, हात पाठीमागे. बोलणं सगळं इंग्रजीत चालायचं, मी आपल्या भाषेत सांगते.

"पाण्याच्या रेणूतला कोन?"

"साडेएकशेचार अंश, सर."

"का?"

"ऑक्सिजनभोवती चार जोड्या असतात," मी सुरू केलं. तोंडाला दुसरं काही आलंच नाही. "त्या एकमेकींपासून..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मी जोड्या विचारल्या नाहीत. हे कुठे वाचलंत तुम्ही? माझ्या पुस्तकात तर नाही."

मला काकांचा चेहरा दिसायला लागला.

"पुन्हा विचारतो. आठवून सांगा. नाहीतर मला पुढच्या उमेदवाराला बोलवायचंय."

मी सरांकडे बघितलं. वाटलं, आता हे बोलणार. मुलाखतीत न राहवणारा माणूस, इथे त्याला कसं राहवेल? फ्लोरीन काढतील, साहेबांशी वाद घालतील, आणि माझा निकाल लागेल. सरांचे हात पाठीमागून पुढे आले. टेबलावर परीक्षानळ्या धुवायचे दोन ब्रश पडले होते. ते त्यांनी उचलले आणि छातीशी एकमेकांना टेकवून धरले. अगदी काटकोनात. मग हळूच थोडे उघडले. पुन्हा काटकोन, पुन्हा उघडले. त्यांचा चेहरा एरंडेल घेतल्यासारखा झाला होता.

"मुळात नव्वद अंशांचा असतो, सर," मी म्हणाले. "हायड्रोजन एकमेकांना लोटतात, म्हणून तो उघडत एकशेचारवर येतो."

"हं, आता कसं," साहेब म्हणाले आणि गुण लिहिले.

मी बाहेर पडताना मागे वळून पाहिलं. सर नळाखाली ते दोन ब्रश धूत होते. ब्रश स्वच्छच होते.

त्यानंतर मी गिरगावात गेले नाही. मला राग आला होता. ज्या माणसानं माळ्यापर्यंत सुतळी ताणून मला खरं काय ते दाखवलं, त्यानंच मला परीक्षकासमोर खोटं बोलायला लावलं. आणि त्याहून राग माझा आला होता, कारण मी क्षणभरही थांबले नव्हते. ब्रश उघडले आणि मी बोलले.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षीची गोष्ट. मे महिन्यात चाळीनं एकदा पेढे खाल्ले होते, जूनमध्ये माझ्या निकालाचे खाल्ले. पहिला वर्ग. मोठ्या काकांनी दोन पेढे उचलले आणि म्हणाले, "चेडू हुशार असा, मी पयलीच सांगलेलंय." बाबा त्यांच्याकडे बघून नुसते हसले. दुसऱ्या दिवशी पुडा घेऊन मी गिरगावात गेले, कारण न जाऊन चालण्यासारखं नव्हतं.

आक्कांनी दार उघडलं. "आलीस, बरं झालं. अगं, हा बटाटेच मागत नाही हल्ली. आजारी आहे म्हणावं तर तसंही नाही."

सर खिडकीशी बसले होते. मी पेढा पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"परीक्षेच्या कामातून मी नाव काढून घेतलंय," ते म्हणाले. "कंबर दुखते असं लिहून दिलं."

"कंबर कुठे दुखते तुझी?" आक्का म्हणाल्या.

"नाही दुखत."

"सर, का केलंत तसं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "तू चुकीचं बोलू नयेस असं वाटत होतं आणि तुझा वर्ग जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम जमेना. पाण्याचं काय गं, ते आपलं उत्तर ऐकायला थांबलेलं नाही. त्याचा कोन आहे तो आहे. तुझं मात्र लग्न लावून दिलं असतं."

मला रडू आलं. इतके दिवस मनात धरलेलं सगळं त्या रडण्यात गेलं. आक्का उठून पाणी आणायला निघाल्या.

"पाणी नंतर," सर म्हणाले. ते ताठ बसले. "आक्का, तू इथे बस. लालबाग, उभी राहा. तोंडी परीक्षा."

"सर, आता कशाला?"

"उमेदवारानं फक्त उत्तर द्यायचं. पाण्याच्या रेणूतला कोन किती, आणि का?"

मी उभी राहिले. डोळे पुसले. सांगायला लागले. ऑक्सिजनभोवती चार जोड्या असतात. चौघी एकमेकींपासून लांबात लांब जातात, म्हणजे एकशेनऊवर. त्यांतल्या दोन हायड्रोजनकडे गेलेल्या, दोन घरीच बसलेल्या. घरी बसलेल्या जागा जास्त घेतात, मग उरलेल्या दोघींना आवरून बसावं लागतं आणि कोन एकशेचारवर येतो.

"चढत येतो?"

"उतरत येतो."

सरांनी डोळे मिटून ऐकलं होतं. ते आक्कांकडे वळले. "तुझं काय मत?"

"मला काय कळतंय त्यातलं," आक्का म्हणाल्या, "पण पोरीनं न अडखळता सांगितलं."

"झालं तर मग. एक आतला परीक्षक, एक बाहेरचा. नियमाप्रमाणे झालं." आणि त्यांनी पुड्यातला पेढा घेतला.

मी पुढे शिकले, शिकवलं, निवृत्त झाले. त्या साहेबांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पाण्याचा कोन वरून उतरायला लागला तेव्हा सर डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झालेले होते. माझ्या पदवीच्या कागदावर जो पहिला वर्ग आहे तो चुकीच्या उत्तराचा आहे, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या परीक्षेचा कागद नाही. तिचे दोन्ही परीक्षक गेले, आधी आक्का, मग वर्षभरात सर. त्या दिवशी मी पास झाले होते हे ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.